भरतीचा नमुना

आत्याच्या कामाच्या खोलीत हातांची खुर्ची एकच आहे, आणि ती गिऱ्हाइकासाठी आहे. ती स्वतः स्टुलावर बसते. पाठ टेकायला मिळाली की डोळा आळसावतो, असं तिचं म्हणणं. खिडकीखाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेली लांब पट्टी आणि फळीवर रंगांच्या छटांचे कागदी पंखे. खोली इतकी अरुंद, की गिऱ्हाइकाला पाय लांब करायचे असतील तर आत्याला आधी स्टूल सरकवावं लागतं.

गल्लीच्या टोकाला छापखाना आहे. तिथे तिला ‘मिलिमीटरबाई’ म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. छापखान्याचा मालक तिला लांबून येताना पाहतो आणि आत ओरडतो, “आवरा रे, मिलिमीटरबाई आल्या!” आत्या हसते, पिशवीतून छोटी पट्टी काढते आणि ताज्या कार्डाच्या डाव्या कडेला लावते. डावीकडे जागा कमी पडलेली असतेच.

ती लहान लोकांचे लोगो करते. दाताचे दवाखाने, शिकवण्या, पडद्यांची दुकानं, घरं बदलून देणारे. बाजाराच्या रस्त्यानं तिच्याबरोबर चाललं तर मधेच तिची चाल मंदावते. मान वळत नाही, बोलणंही थांबत नाही, फक्त पाऊल जरा हळू पडतं. तेव्हा समजायचं की वर कुठेतरी तिनं केलेली पाटी आहे. हे मला लहानपणीच कळलं होतं. पण तिला विचारलं तर म्हणायची, “कुठे काय? चप्पल चावते.”

तिची एक पद्धत होती. तरुणपणी ती एका जाहिरात कंपनीत होती, तिथल्या साहेबांनी ती शिकवलेली. साहेब म्हणायचे, गिऱ्हाइकाला एक चित्र दाखवलंत तर ते खोड काढेल, तीन दाखवलीत तर निवड करेल. मग तीन दाखवायची. पहिलं, जे आपल्याला द्यायचंय ते. दुसरं, त्याहून एक पायरी खाली, पण अब्रूदार. आणि तिसरं भरतीचं. तिसऱ्याचं काम एवढंच, की त्याच्या शेजारी पहिलं उजळून दिसावं.

भरतीचा नमुना काढणं सोपं नसतं. फार वाईट झाला तर गिऱ्हाईक दुखावतं, फार बरा झाला तर तोच गळ्यात पडतो. आत्याचा हात त्यात बसला होता. इतक्या वर्षांत तिचा तिसरा नमुना कुणी उचलला नव्हता. ती हे कुणाला सांगायची नाही, पण काका सांगायचे. “आमच्या हिचा तिसरा कधी लागत नाही,” असं ते पाहुण्यांना म्हणत, एखाद्यानं बायकोच्या गळ्याचं कौतुक करावं तसं.

काका वीज कंपनीच्या कार्यालयात पाळीवर होते. घरी आले की हातपाय धुवायच्या आधी तिच्या खांद्यावरून डोकावत. “आज भरतीचा कोणता?” तिनं दाखवायचा आणि त्यांनी हसायचं, हा दोघांचा जुना खेळ. काकांचं हसणं पोटातून निघतं. आधी खांदे हलतात, मग आवाज येतो, आणि एकदा आला की तो त्यांच्याही हातात राहत नाही. मूलबाळ नसलेल्या त्या घरात संध्याकाळी एवढा एकच मोठा आवाज होत असे, आणि तो आपल्यामुळे होतो याचं आत्याला सुख होतं.

त्या वर्षी एक नवरा-बायको तिच्याकडे आले. गृहस्थ उंच, किडकिडीत. पँट पोटाच्या बरीच वर चढवलेली. कान मोठे आणि उजव्या कानामागे पेन्सिल, ती तिथे आहे हे ते स्वतः विसरलेले. मान सतत डावीकडे कललेली, कुणीतरी हळू आवाजात काही सांगतंय आणि ते ऐकताहेत अशी. बाई ठेंगण्या, चटपटीत, हातात छत्री. हातांच्या खुर्चीत कोण बसणार यावर दोघांचं क्षणभर ‘तू बस, तुम्ही बसा’ झालं आणि बाई बसल्या. ते उभेच राहिले.

त्यांनी आयुष्यभर एका कंपनीचं गोदाम सांभाळलं होतं. कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली, गोदाम बंद झालं आणि ते घरी बसले. आता त्यांना सल्लागार व्हायचं होतं. लहान कारखान्यांचा माल त्यांच्याच गोदामात हरवतो, कुजतो, तो कसा लावायचा ते सांगायचं. बोलता बोलता त्यांचं बोट वर जायचं आणि बोलणं संपलं तरी वरच राहायचं.

“सल्लागार म्हणताना जीभ अडखळते हो ताई,” ते म्हणाले.

“घरात नाही अडखळत,” बाई म्हणाल्या. “पातेली कुठल्या फळीवर ठेवायची इथपासून सल्ले चालू असतात. म्हटलं, बाहेर द्या. बाहेरचे निदान ऐकतील.”

“तू ऐकतेस कुठे?”

“म्हणून तर म्हणते, बाहेर द्या.”

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. कारखानदारांच्या संघटनेनं पुढच्या महिन्यात त्यांना बोलायला बोलावलं होतं. तिथे जमलं तर कामं मिळतील. नाही जमलं तर मेव्हण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, मेव्हण्यानं तसं सांगूनच ठेवलं होतं. “माझाच भाऊ आहे,” बाई म्हणाल्या, “म्हणून मलाच नको.” त्यांनी आधी एकदा स्वतःच कार्ड छापून घेतलं होतं. त्यावर दिवा होता, पेटलेला. ते त्यांनी जुन्या मॅनेजरला दिलं, तर तो कार्डाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघून हसला होता. “सल्लागार? तुम्ही?” एवढंच म्हणाला. उरलेली कार्डं कपाटाच्या पायाखाली घातली होती, कपाट डगमगायचं म्हणून.

“माझं मागणं एवढंच आहे ताई,” जाताना ते म्हणाले. “कार्ड हातात दिल्यावर समोरच्यानं हसू नये. बाकी तुम्ही कराल ते.”

आत्यानं मन लावून काम केलं. एकावर एक तीन खोकी, मधल्या खोक्याची एक बाजू उघडी, आणि ती उघडी बाजू म्हणजेच दार. निळसर राखाडी एकच रंग. तिनं ते लहान करून पाहिलं, मोठं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं, पुसट छापून पाहिलं. कसंही पाहिलं तरी ते आपल्या पायावर उभं होतं. दुसरा नमुना नुसत्या अक्षरांचा केला. तिसरा राहिला होता.

काका घरी आले होते. दूध तापत ठेवलं होतं. ते वर येईपर्यंत आत्यानं तिसरा काढला. एक उंच किडकिडीत माणूस, मान वाकडी, बोट वर, शेजारी खोकं. पँट छातीपर्यंत. “भरतीचा कोणता?” म्हणत काका खांद्याशी आले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

“अगं, हा आता बोलेल! कोण गं हा विदूषक?”

“आहे एक गिऱ्हाईक.”

“कान असेच आहेत?”

“जवळजवळ,” आत्या म्हणाली, आणि काका हसत होते म्हणून तिनं कान आणखी थोडे ओढले. मग पेन्सिल घातली. काका भिंतीला हात टेकून हसत राहिले. दूध उतू गेलं.

त्या संध्याकाळी तिला लाज वाटली नाही. खोड्याळ मुलीसारखं तिला आपल्या हाताचं कौतुकच वाटलं. आपल्या चित्रात माणूस स्वतःला कधी ओळखत नाही, हा तिचा अनुभव होता. दुसऱ्याला ओळखतात, स्वतःला नाही. शिवाय तिसऱ्याकडे कोण बघतं?

ते दोघं आले तेव्हा तिनं तिन्ही कागद ओळीनं मांडले आणि पहिल्याविषयी बोलायला लागली. उघडी बाजू, दार, एकच रंग. गृहस्थ मान कलवून ऐकत होते. बाई ऐकत नव्हत्या. त्यांनी तिसरा कागद उचलला होता, आणि दुसरा हात तोंडाशी नेला होता.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हे बघा. हे तुम्ही.”

त्यांनी कागद घेतला. बराच वेळ बघत राहिले. आत्या सांगते, त्या वेळात तिला टेबलाखालच्या स्वतःच्या पावलांना घाम फुटलेला कळत होता.

“हा मी आहे?” त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता.

“मग कोण? मी डबा घेऊन यायची तेव्हा गेटापासून अस्सेच दिसायचे. सगळी माणसं सारखी, आणि मधे हे असे.” बाईंचा आवाज ओला झाला. “पेन्सिलसुद्धा घातलीय बघा. ताई, एकदाच तर आलो आम्ही. तुम्ही एवढं बघितलंत कधी?”

आत्यानं तेव्हा खरं सांगायला हवं होतं, किंवा गप्प तरी बसायला हवं होतं. ती म्हणाली, “कामच आहे ते आमचं.”

पुढे जे झालं त्यापेक्षा हे वाक्य तिला जास्त छळतं. तिनं ते नम्रपणे म्हटलं होतं, कौतुक स्वीकारताना म्हणतात तसं.

“हाच घेऊ,” बाई म्हणाल्या.

“पहिला पुन्हा एकदा बघा ना,” आत्या म्हणाली. “कारखानदारांपुढे जायचंय. पहिला जास्त भारदस्त आहे.”

“चांगलाच आहे तो,” गृहस्थ म्हणाले. “पण तो कुणाचाही असू शकेल. माझं चित्र आजवर कुणी काढलं नव्हतं.” मग ते थांबले. मान आणखी कलली. “ताई, याला कुणी हसणार नाही ना?”

“अजून थोडं काम करावं लागेल त्याच्यावर,” आत्या म्हणाली.

तो कागद त्यांनी घरी नेऊ का म्हणून विचारलं. बाईंनी तो दुमडू दिला नाही. दोन्ही हातांत धरून जिना उतरल्या, छत्री नवऱ्याच्या काखेत.

आता आत्यापुढे एकच मार्ग होता, असं तिला वाटलं. चित्र तेच ठेवायचं आणि त्यातली चेष्टा काढून टाकायची. कुणाला काही सांगावं लागणार नाही आणि कुणी हसणारही नाही. तिनं आधी पँट खाली आणली. मग बोट जरा खाली घेतलं, कान लहान केले. मान सरळ केली. पेन्सिल काढली. प्रत्येक वेळी चित्र सुधारत गेलं आणि प्रत्येक वेळी त्यातून माणूस निघून जात राहिला. शेवटी खोक्याशेजारी कुणीतरी उभं होतं. ते कुणीही असू शकलं असतं, विमा विकणारं, बसची वाट बघणारं.

तिनं ते पाठवलं. बाईंचा फोन आला.

“ताई, कान कुठे गेले?”

“जरा कमी केलेत. लहान आकारात छापताना बरं पडतं.”

“पण मग हे कोण?” मागून नवऱ्याचा आवाज आला, आणि बाई त्यांना म्हणाल्या, “थांबा हो, मी सांगते. ताई, हे म्हणतात चांगलं आहे. हे सगळ्यालाच चांगलं म्हणतात. तुम्ही आपले कान परत द्या.”

तिनं कान परत दिले, तर हसू परत आलं. मान वाकवली, तर पुन्हा तेच. रेष जाड करून पाहिली, तुटक करून पाहिली, आतला भाग भरून नुसती सावली करून पाहिली. नेमकी कुठली रेष हसते आहे ते तिला सापडेना. एवढ्या वर्षांची नजर, पण ती रेष काही हाती लागत नव्हती. कारण, ती मला म्हणाली, एखादी रेष चुकीची असती तर सापडली असती. चित्र बरोबर होतं. ते ज्या हसण्यात काढलं होतं, ते सगळ्या रेघांत होतं.

काकांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. तिसरा लागला हे कळलं असतं तर त्यांनी आठवडाभर पुरवून पुरवून चेष्टा केली असती, आणि तिला ती ऐकवली नसती. त्यांची चप्पल जिन्यात वाजली की ती ते चित्र बंद करून दाताच्या दवाखान्याची पाटी उघडायची. “काय गं, दात संपत नाहीत का तुझे?” काका म्हणायचे.

शेवटी तिनं त्या दोघांना पुन्हा बोलावलं. समोर उभं राहा, मी बघून काढते, म्हणाली. या वेळी नीट बघायचं, असं तिनं खरोखर ठरवलं होतं.

गृहस्थ नवा शर्ट घालून आले. खिडकीपाशी उभे राहिले ते पासपोर्टच्या फोटोला उभे राहावं तसे. मान ताठ, हात शिवणीला. आत्यानं तिसऱ्या नमुन्याचं मूळ चित्र पुन्हा छापून भिंतीवर चिकटपट्टीनं लावला होता, शेजारी नंतरचे सुधारलेले.

“श्वास घ्या हो,” बाई म्हणाल्या. “मेलात तर चित्राला हार घालावा लागेल.”

“घेतोय की.”

“मान वाकडी करा.”

“कशी?”

“आता मी सांगू? जन्मभर करताय.”

त्यांनी मान कलवली, पण उलट्या बाजूला. बाई हसायला लागल्या, तेही हसले, आणि हसता हसता मान आपोआप डावीकडे गेली. उजेड खिडकीतून त्यांच्या कानावर पडला. कान कडेनं लालसर, अर्धपारदर्शक दिसत होता. आत्यानं पेन्सिल हातात घेतली. कागदावर रेघा यायला लागल्या आणि तिला वाटलं, येतंय. हे वेगळं येतंय. यात हसण्यासारखं काही नाही.

तेवढ्यात दार उघडलं. काकांची पाळी लवकर सुटली होती. हातात भाजीची पिशवी. दारातून त्यांना समोरची भिंत दिसली. खिडकी दाराच्या आड होती.

“अगं, हा अजून फेकला नाहीस?” काका म्हणाले. “माझा विदूषक!” आणि त्यांचे खांदे हलायला लागले, पोटातून ते हसू वर आलं, आणि ते हसत हसत एक पाऊल आत आले.

मग त्यांना खिडकीत उभा माणूस दिसला. वाकडी मान, मोठे कान, पेन्सिल.

काकांचं हसणं त्यांच्या हातात नसतं हे मी म्हटलंच. ते लगेच थांबलं नाही. दोनदा घशात अडकलं, एकदा बाहेर आलं, मग थांबलं. “म्हणजे... मी ते...” ते म्हणाले. “भाजी ठेवतो.” आणि आत गेले. आत पिशवी ठेवल्याचा आवाजही आला नाही.

गृहस्थांनी कानामागची पेन्सिल काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मान सरळ केली. या वेळी ती सरळ राहिली.

बाई काकांच्या मागे बघत नव्हत्या. त्या आत्याकडे बघत होत्या.

“म्हणजे घरात आधीच हसून झालं होतं,” त्या म्हणाल्या.

आत्यानं हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला.

“चल,” गृहस्थ बायकोला म्हणाले. “उशीर होतोय.” कसला उशीर, ते कुणाला माहीत नव्हतं. जाताना ते आत्याला म्हणाले, “येतो ताई.” नेहमीसारखंच म्हणाले. बाईंनी छत्री स्वतःच घेतली.

ते गेल्यावर काका दाराशी आले. “मला सांगायचंस तरी,” ते म्हणाले. “मला काय स्वप्न पडणार होतं? बाहेरचा माणूस आहे हे माहीत असतं तर मी हसलो असतो का...”

“कशालाही काय हसता तुम्ही!” आत्या ओरडली. तिचा आवाज त्या खोलीत कधी एवढा चढला नव्हता.

काकांनी भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, “हसलो मी. पण काढलं कुणी?”

दुसऱ्या दिवशी गृहस्थांचा फोन आला. आवाज साधा होता. “ताई, तो पहिला द्या आम्हाला. खोक्यांचा. तुम्ही म्हणालाच होतात, तोच बरा.”

“बरं,” आत्या म्हणाली.

तिचा तिसरा याही वेळी लागला नाही. काकांनी मात्र त्यानंतर पाहुण्यांपुढे ती गोष्ट काढणं सोडून दिलं.

त्या बैठकीचं पुढे बरं झालं. दोघा-तिघा कारखानदारांनी त्यांना काम दिलं, आणि ‘कार्ड कुणी केलं?’ असं एकानं विचारल्याचं छापखान्यातून कळलं. “मिलिमीटरबाई, तुमचं नाव झालं,” मालक म्हणाला. पण आत्या ही गोष्ट सांगते तेव्हा तिथपर्यंत पोचतच नाही. ती बैठकीच्या आदल्या दिवशीच थांबते.

त्या दिवशी ती छापलेली कार्डं घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेली. एरवी गिऱ्हाईकच छापखान्यातून कार्डं घेऊन जातं. दार बाईंनी उघडलं, तिला पाहिलं, आणि “अहो, आल्यात,” एवढं आत सांगून स्वयंपाकघरात गेल्या. समोरच्या खोलीत गृहस्थ उभे होते. पुढे तीन रिकाम्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. उद्याच्या बोलण्याचा सराव चालला होता. मागच्या कपाटाच्या दारावर चिकटपट्टीचे चार तुकडे होते. मधे कागद नव्हता.

आत्यानं कार्डाचं पाकीट दिलं आणि बोलायला लागली. चिन्हाच्या चारी बाजूंना एवढी जागा मोकळी सोडायची. रंग बदलायचा नाही. काळ्यात छापलं तर चालेल, पण ताणून लांब करायचं नाही. ती बोलत राहिली. गृहस्थ सगळ्याला ‘हो, हो’ म्हणत होते.

“त्या दिवशी,” ती शेवटी म्हणाली, “आमचे हे... त्यांचा स्वभावच तसा आहे. कशालाही हसतात.”

“हो, मोकळा माणूस आहे,” गृहस्थ म्हणाले. “चालायचंच.”

एवढ्यावर ते संपलं असतं. तिला उठून निघता आलं असतं. आपण आत्ता काय केलं, ते आपल्याच आवाजात तिनं ऐकलं.

“नाही,” ती म्हणाली. “आमच्या यांचं काही नाही त्यात. हसण्यासारखंच काढलं होतं मी. हसायलाच काढलं होतं. तुम्ही निवडाल असं वाटलं नव्हतं.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

गृहस्थ खाली बघत होते. “मला वाटलं होतं, तुम्ही नीट बघितलंत,” ते म्हणाले.

“बघितलं होतं,” आत्या म्हणाली. ते खरंच होतं, आणि त्यानंच सगळं वाईट झालं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी पाकीट फोडलं, वरचं एक कार्ड काढलं आणि हातात उलटसुलट केलं. “उद्या हे असं द्यायचंय,” ते म्हणाले, बहुधा स्वतःशीच. मग तिच्याकडे वळले. “तुम्ही बसता का तिथे? खुर्चीत? एकदा देऊन बघतो.”

आत्या मधल्या खुर्चीत बसली. त्यांनी मान सरळ केली, दोन पावलं पुढे आले आणि कार्ड पुढे केलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि वर पाहिलं.

“बोला,” ती म्हणाली. “काय सल्ला देता तुम्ही?”

ते बोलायला लागले. सुरुवातीला अडखळत, मग सलग. हात पाठीमागे धरलेले होते, बोट एकदाही वर गेलं नाही. आत्या ऐकत राहिली.

“त्यांना विचारा, चहा घेणार का,” आतून बाईंचा आवाज आला. तिला नाही, नवऱ्याला.

आत्या संध्याकाळी चहा घेत नाही. घेतला तर झोप येत नाही. “घेईन,” ती म्हणाली.

बाई कप घेऊन आल्या, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि काही न बोलता आत गेल्या. चहात साखर नव्हती. विसरल्या असतील, नसतीलही. आत्यानं मागितली नाही. समोर ते खालच्या फळीवर काय ठेवू नये ते सांगत होते, आणि ती मान हलवत एकेक घोट घेत होती, कप रिकामा होईपर्यंत.